बॉटनीची नावं लक्षात राहत नाहीत? मग अभ्यासाचा क्रम उलटा करा

डिग्रीला बॉटनी घेतलेल्या बहुतेकांची सुरुवातीला एकच तक्रार असते, नावं लक्षात राहत नाहीत. कशी राहणार, आपण आधी नाव पाठ करतो आणि झाड नंतर बघतो, कधी कधी तर बघतच नाही. आधी हातात झाड घ्या, नाव मागून येऊ द्या.

टॅक्सॉनॉमीसाठी, म्हणजे वनस्पतींच्या वर्गीकरणासाठी, रोज एक फूल पुरे. ब्लेडने उभं कापा, सुईने भाग सुटे करा आणि पुस्तक बंद ठेवून लिहा: पाकळ्या किती, सुट्या की जोडलेल्या, पुंकेसर किती, अंडाशय पाकळ्यांच्या वर की खाली. मग अंडाशय आडवा कापून कप्पे मोजा. एवढं झालं की फ्लोरल फॉर्म्युला, म्हणजे फुलाची रचना चिन्हांत आणि आकड्यांत मांडणारं सूत्र, आपोआप तयार होतो. जास्वंद उघडलंत तर सगळ्या पुंकेसरांची मिळून एक नळी दिसते आणि तिच्या आतून स्त्रीकेसराची दांडी वर आलेली असते, आता हेच भेंडीच्या आणि कापसाच्या फुलात बघा, या तिघांची माल्व्हेसी फॅमिली परत पाठ करावी लागणार नाही. मोहरीत ४ पाकळ्या आणि ६ पुंकेसर, त्यातले ४ लांब नि २ आखूड. सूर्यफूल मात्र भिंगाखालीच बघा, कारण आपण ज्याला एक फूल म्हणतो तो शेकडो फुलांचा गुच्छ आहे, हे स्वतः बघितल्याशिवाय खरं वाटत नाही.

एक गोंधळ हमखास होतो. जुन्या पुस्तकात फालसा टिलिएसी फॅमिलीत असतो आणि नव्यात माल्व्हेसीत. दोन्ही पुस्तकं आपापल्या जागी बरोबर आहेत. बेंथम आणि हूकरची वर्गीकरणाची जुनी पद्धत १८६२ ते १८८३ मधली, बाह्य लक्षणांवर उभी, तर एपीजी (अँजिओस्पर्म फायलोजेनी ग्रुप) ही नवी पद्धत १९९८ पासूनची, मुख्यतः डीएनएवर आधारलेली. सिलॅबसमध्ये कुठली आहे ते आधी बघा आणि उत्तरात तीच वापरा.

आता सेक्शन कटिंग, म्हणजे मायक्रोस्कोपखाली बघायला पातळ काप काढणं, इथे खरा वेळ द्या, कारण हे वाचून येत नाही. खोड मऊ असेल तर गाजराच्या किंवा बटाट्याच्या तुकड्यात धरा, ब्लेड आणि मटेरियल दोन्ही ओलं ठेवा, आणि दाबून न कापता ब्लेड सरकवत भराभर बरेच सेक्शन काढा. कापताना खोड तिरकं झालं तर पेशी लांबट दिसतात आणि सगळंच चुकीचं वाटायला लागतं. सेक्शन पूर्ण गोल यायलाच पाहिजे असं अजिबात नाही, एपिडर्मिसपासून (सगळ्यात बाहेरच्या थरापासून) मध्यापर्यंतची पातळ फोड मिळाली तरी काम होतं, जाड पूर्ण गोलापेक्षा ती कितीतरी चांगली. सॅफ्रॅनिन या लाल रंगात थोडा वेळ ठेवा, पाण्यात धुवा, ग्लिसरीनच्या थेंबात ठेवा आणि कव्हरस्लिप सुईच्या आधाराने तिरकी हळूहळू टेकवा म्हणजे बुडबुडे येत नाहीत. झायलेमच्या, म्हणजे पाणी वाहून नेणाऱ्या ऊतीच्या, लिग्निनने कडक झालेल्या भिंती लाल दिसतील.

लाइफ सायकल पाठ करताना प्रत्येक टप्प्यासमोर एन (गुणसूत्रांचा एक संच) की टूएन (दोन संच) ते लिहा, बस. मॉसचं हिरवं झाड एन, फर्नचं टूएन. पाइनचं एंडोस्पर्म (बीमधला अन्नसाठा) फलनाच्या आधी तयार होतं म्हणून एन, आणि सपुष्प वनस्पतींमध्ये ते दुहेरी फलनातून (एक नर युग्मक अंडपेशीला, दुसरं मधल्या केंद्रकांना मिळतं) येतं म्हणून बहुतेक वेळा थ्रीएन. हे दुहेरी फलन नवाशिन यांनी १८९८ मध्ये दाखवलं. व्हायवाला (तोंडी परीक्षेला) हा एंडोस्पर्मचा फरक विचारतातच असं धरून चाला.

जर्नलमधली आकृती पुस्तकातून उतरवू नका प्लीज, मायक्रोस्कोपमध्ये दिसतं तेच काढा, वाकडं आलं तरी चालेल. स्पॉटिंगला, म्हणजे समोर ठेवलेला नमुना ओळखताना, नुसतं नाव लिहून थांबू नका, कारणंही लिहा. मूळ की खोड असा प्रश्न पडला तर प्रोटोझायलेम (सगळ्यात आधी तयार झालेलं झायलेम) शोधा, बाहेरच्या बाजूला असेल तर मूळ, आतल्या बाजूला असेल तर सपुष्प वनस्पतीचं खोड.