कोंबडीनं पिल्लं सोडली? आज रात्रीच बॅटरी घेऊन खुराड्यात बघा

थंडी पडली की निफाड, दिंडोरीकडं द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या पेटतात, मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून. त्याच वस्तीवर मागच्या दारी गावरान पिल्लं गारठून मरतात, तिकडं कुणी फिरकत नाही. दिवाळीच्या सुमारास निघालेली पिल्लं डिसेंबरात 6 ते 8 आठवड्यांची होतात आणि कोंबडी त्यांना सोडते ती नेमकी ऐन गारठ्यात.

पिल्लं सोडणं हा कोंबडीचा आजार नाही, ती पुन्हा अंड्यावर येत असते. तुरा लालभडक होतो, कोंबड्याला जवळ येऊ देते, दाण्यावर आलेल्या पिल्लाला चोच मारून हाकलते. तुरा रंगला की आठवडाभरात ती पिल्लं सोडते, हा माझा ठोकताळा. तिला पाय बांधून पिल्लांसोबत डालग्याखाली कोंडू नका. चिडलेली कोंबडी पिल्लांची डोकी फोडते.

पण खरी गोम रात्रीची आहे. दिवसा ती अजून पिल्लांच्या पुढं चरताना दिसते, म्हणून आपण निर्धास्त असतो. रात्री मात्र ती आढ्यावर किंवा झाडावर जाऊन बसते. पिल्लांना तिथवर उडता येत नाही. ती कोपऱ्यात जमतात, उबेसाठी एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. सकाळी दोन-चार चपटी झालेली पिल्लं मिळतात. अंगावर जखम नाही, पाठीची पिसं ओलसर, बाकीची पिल्लं टुणटुणीत. हे बघून लोक ‘मर लागली’ म्हणत दुकानात पळतात आणि दुकानदार अँटिबायोटिक, लिव्हर टॉनिक, व्हिटॅमिनची बाटली हातात देतो. चेंगरलेल्या पिल्लांवर टॉनिक काय करणार? त्या पैशात दोन गोणपाटं, एक बल्ब आणि मक्याचा भरडा येतो.

तेव्हा आधी रात्री जेवणं झाल्यावर बॅटरी मारून बघा. कोंबडी वर आणि पिल्लं खाली दिसली की त्याच रात्री हे करा:

- तुसानं भरलेली पोती कोपऱ्यांत लावून कोपरे गोल करा.
- खाली तीन-चार बोटं कोरडं तूस किंवा भुसा.
- पिल्लांना बसायला वीतभर उंचीवर बांबू आडवा बांधा.
- वाऱ्याच्या बाजूला गोणपाट. वरची हातभर जागा उघडीच ठेवा.
- 25-30 पिल्लांना 60 वॅटचा एक बल्ब, पिल्लांच्या डोक्यापासून फूट-दीड फुटावर.

बल्ब जुना पिवळा, तारेचाच हवा. एलईडीनं उजेड पडतो, ऊब येत नाही. हल्ली घरोघरी हीच फसगत होते. पिल्लं बल्बखाली गोळा झाली तर तो खाली घ्या, लांब पळाली तर वर. पसरून बसली तर ठीक. लाइट गेली तर कॅनमध्ये गरम पाणी भरून, गोणपाटात गुंडाळून मध्ये ठेवा. बंद खुराड्यात कोळशाची शेगडी अजिबात नको, विषारी वायूनं सगळीच जातील. प्लास्टिकनं चारी बाजू बंद केल्या तर विष्ठेच्या वाफेनं डोळे चुरचुरतात, सर्दी होते.

पिसं पाठीवर आणि छातीवर पूर्ण भरेपर्यंत हे चालू ठेवा. साधारण दहाव्या आठवड्यापर्यंत तरी, निफाडकडं त्याहून थोडं जास्तच.

खाण्याचं एवढंच. मोठ्या कोंबड्या पिल्लांना टिपू देत नाहीत, म्हणून रुंद विणीचं डालगं पालथं घालून आत भरडा, कणी ठेवा. पिल्लं आत शिरतात, कोंबड्या बाहेर राहतात. संध्याकाळचं खाणं चुकवू नका. रिकाम्या पोटी पिल्लू लवकर गारठतं.

बाकी नेहमीचं:

- लासोटा (मानमोडी म्हणजे राणीखेत रोगाची थेंबाची लस): 5 ते 7 दिवसांची असताना, पुन्हा 28 व्या दिवसाच्या सुमारास, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब.
- देवीची लस: 6 ते 8 आठवडे, पंखाच्या पडद्यात.
- मानमोडीचीच टोचायची लस, आर-टू-बी: 8 ते 10 आठवडे, अर्धा मिली कातडीखाली.
- जंताचं औषध आर-टू-बीच्या आठवडाभर आधी, पशुवैद्यक सांगतील त्या मात्रेत.
- रक्ताची हगवण: अ‍ॅम्प्रोलियम 20 टक्के पावडर, लिटरला 1.2 ग्रॅम, 5 दिवस. तूस बदला.

कोंबडीनं सोडल्याच्या आठवड्यात सुई टोचू नका, पिल्लं आधीच खचलेली असतात. रात्री शांत बसायला लागली की मग टोचा. आर-टू-बीची बाटली शंभर-दोनशे मात्रांची येते आणि कालवल्यावर दोन तासांत संपवावी लागते, म्हणून वस्तीवरच्या चार-पाच घरांनी मिळून सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा आणि येताना बाटली बर्फात ठेवून आणा.