वरचा मजला भाड्याने देताय? आधी कूलरचं ठरवा

घर पाहायला आलेला माणूस ओटा पाहतो, बाथरूम पाहतो, गाडी कुठे लावायची ते विचारतो. भाडं ठरतं, अॅडव्हान्स हातात येतो. कूलरचा विषय निघतच नाही, कारण बहुतेक भाडेकरू येतात जून-जुलैत, कॉलेजं सुरू होताना. मग मार्च संपता संपता एखाद्या रविवारी वरून ड्रिलचा आवाज येतो. नागपुरात मानेवाड्यातल्या आमच्या घराचा वरचा मजला मी बऱ्याच वर्षांपासून भाड्याने देते. मेडिकलचे विद्यार्थी राहून गेले, बँकेतली नवरा-बायको राहून गेली. नागपुरात घरमालक-भाडेकरूची भांडणं भाड्यावरून कमी आणि कूलर, पाणी आणि मीटर यांवरूनच जास्त होतात, असं माझं मत आहे. ही भांडणं किल्ली देण्याआधीच मिटवता येतात.

कूलर कोणत्या खिडकीला लागणार ते तुम्ही ठरवा आणि लोखंडी अँगलचा स्टँड आपल्या खर्चाने आधीच बसवून घ्या. भाडेकरूने आणलेला मिस्त्री सज्ज्याला वाट्टेल तिथे भोक पाडून जातो, आणि पावसाळ्यात तिथूनच ओल उतरते. खिडकी अशी निवडा की ठिबकणारं पाणी भिंतीवरून न ओघळता नालीत जाईल. समोरच्या बाजूने हवा बाहेर जायलाही वाट हवी, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा साचतो आणि भाडेकरू खाली येऊन म्हणतो, "काकू, कूलर लावूनही लय उकडून राहिलं."

आता जिवाची गोष्ट. पत्र्याच्या कूलरचा शॉक लागून माणसं दगावल्याच्या बातम्या विदर्भात उन्हाळ्यात येतच असतात. ओली फरशी, अनवाणी पाय, चालू पंप आणि बोर्डाला अर्थिंग नाही, एवढं पुरतं. घर देण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या, मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच, बसवा. "आमच्याकडे एमसीबी आहे ना," असं पुष्कळ जण म्हणतात. एमसीबी पडते ती लोड जास्त झाला किंवा शॉर्ट सर्किट झालं तर. माणसाला मारायला पुरेल एवढा करंट तिच्या लेखी काहीच नसतो. कूलरला तीन पिनांचाच प्लग, आणि पाणी भरताना तो बोर्डातून काढलेला. ही सूचना मी भाडेकरूला तोंडी देते, करारातही लिहिते आणि कूलरच्या बोर्डाशेजारी चिकटवूनही ठेवते. पोरं हसतात. हसू द्या.

टाकीवरून थेट नळी आणून कूलरला फ्लोट (पाणी भरलं की नळी आपोआप बंद करणारा तरंगता गोळा) लावायला मी परवानगी देत नाही. फ्लोट अडकला की रात्रभर पाणी वाहतं आणि सकाळी खालच्या मजल्यावर चूळ भरायला थेंब नसतो. जमत असेल तर नळाच्या आणि बोअरच्या पाण्याच्या टाक्या वेगळ्या ठेवा, कूलरला बोअरचं पाणी द्या. ताट्यांवर, म्हणजे कूलरच्या बाजूंच्या गवताच्या जाळ्यांवर, पांढरा थर चढेल, त्या बदलाव्या लागतील. पण पिण्याचं पाणी उरेल. पाण्याचं मीटर एकच असेल तर बिल माणशी वाटायचं की ठरावीक रक्कम घ्यायची, हे आधीच बोला. पाहुणे महिनाभर राहिले तर काय, हेसुद्धा. उन्हाळा संपला की कूलर रिकामा करून कोरडा ठेवायचा, हे भाडेकरूचं काम. पावसाळ्यात डेंग्यूच्या अळ्या शोधायला महानगरपालिकेची माणसं येतात, ती आधी कूलरमध्येच डोकावतात.

विजेचं मीटर शक्यतो वेगळंच घ्या. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो: पहिल्या १०० युनिटांचा दर कमी, ३०० पर्यंत त्याहून बराच जास्त, पुढे आणखी. दोन घरं एका मीटरवर असली की दोघांचे युनिट एकत्र होऊन वरच्या टप्प्यात जातात. मे महिन्यात दोन कूलर आणि एखादा एसी चालला की बिल पाहून दोन्ही घरांचं डोकं तापतं. सब-मीटर लावलंत तरी हा वाढीव भार कोणी सोसायचा, हा प्रश्न उरतोच.

कागदाच्या बाबतीत मी कोणाचंच ऐकत नाही, ओळखीच्यांचं तर मुळीच नाही. "११ महिन्यांचाच करार आहे, नोंदणी कशाला?" हे वाक्य अजून ऐकू येतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. आणि ती जबाबदारी घरमालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून मोठा तोटा असा की वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं आणि ते खोडायची जबाबदारी तुमच्यावर येते. नोटरीचा स्टॅम्प पेपर ही नोंदणी नव्हे.

खर्चही फार नाही. लिव्ह अँड लायसन्सचं, म्हणजे अशा ठरावीक मुदतीच्या भाडेकराराचं, मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. समजा भाडं ९००० आणि डिपॉझिट २०,००० आहे. ११ महिन्यांचं भाडं ९९,०००. त्यात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरलेलं व्याज मिळवायचं, म्हणजे साधारण १८०० रुपये. त्यावर शुल्क अडीचशेच्या आसपास, वर शहरात नोंदणी फी १००० रुपये. ऑनलाइन नोंदणी करून देणारे लोक अंगठ्याचं मशीन घेऊन घरीच येतात. करार नोंदवलेला असेल आणि मुदत संपूनही माणूस हलत नसेल, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. जास्त राहिलेल्या काळासाठी दुप्पट रक्कम मागता येते. नागपूरच्या मारबतीच्या मिरवणुकीतल्यासारखं "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणत बसण्यापेक्षा हे बरं. पण चिडून पाणी किंवा वीज तोडायची नाही. तोडलीत की कायदा भाडेकरूच्या बाजूने उभा राहतो.

भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्या आणि पोच जपून ठेवा. भाड्याचं उत्पन्न विवरणपत्रात दाखवा. भरलेला मालमत्ता कर वजा करून उरलेल्यावर ३० टक्के वजावट बिलं न दाखवता मिळते, रंगरंगोटीचा खर्च त्यातच आला असं धरतात.

गच्ची कोणाची, हे मात्र लिहा. उन्हाळ्यात पापड-कुरडया कोण वाळवणार, रात्री गाद्या कोण टाकणार, यावरून चांगली माणसं अबोला धरतात. जेवणाखाण्याच्या अटी मी घालत नाही. नागपुरात राहून सावजी मसाल्याच्या वासाला नाक मुरडणाऱ्याने घर भाड्याने देऊच नये.

घर देताना रिकाम्या खोल्यांचा मोबाईलवर व्हिडिओ काढा: नळ, पंखे, भिंती, मीटरचं रीडिंग. भाडेकरूला तिथेच पाठवा. सोडतानाही तसाच काढा. बिलाची तारीख आणि घर सोडायची तारीख क्वचितच जुळते, म्हणून त्या दिवशीच्या रीडिंगवरून युनिट मोजा आणि तेवढेच पैसे कापा. जुना रंग उडाला म्हणून कापू नका, तो वापरानेच उडतो. उरलेलं डिपॉझिट त्याच दिवशी बँकेतून पाठवा आणि किल्ल्या, गच्चीच्या दारासकट, मोजून घ्या.