पिझ्झा डिलिव्हरीची नोकरी: रुजू होण्यापूर्वी आणि रस्त्यावर उतरल्यावर

पिझ्झाच्या दुकानाच्या काचेवर लावलेल्या जाहिरातीत बहुधा एवढेच लिहिलेले असते की दुचाकी, परवाना आणि स्मार्टफोन असलेले रायडर तातडीने पाहिजेत. त्यावरून नव्या उमेदवाराचा असा समज होतो की गाडी जोरात चालवता आली म्हणजे काम जमले. प्रत्यक्षात या नोकरीत वेळ जातो तो गाडीवरून उतरल्यावर, आणि कमाई झिजते ती गाडी स्वतःची असल्यामुळे. पुणे, मुंबई, ठाणे, नाशिक अशा शहरांत हे काम धरू पाहणाऱ्याने या दोन गोष्टी आधी समजून घेतल्या, तर बाकीचे बरेचसे आठवडाभरात अंगवळणी पडते.

तुम्ही नेमके कोणाचे नोकर

पिझ्झा पोहोचवणारे दोन प्रकारचे असतात. काही साखळी दुकाने स्वतःचे रायडर पगारावर ठेवतात. त्यांना गणवेश, पाळी, साप्ताहिक सुट्टी आणि दर ऑर्डरमागे काही इन्सेंटिव्ह असा हिशेब असतो. दुसरे रायडर स्विगी किंवा झोमॅटोसारख्या ॲपवर नोंदलेले असतात. त्यांना ‘पार्टनर’ म्हटले जाते, पगार नसतो आणि त्याच दुकानातून पिझ्झा उचलूनही त्यांचे दुकानाशी काहीच नाते नसते. पहिल्या प्रकारात मुलाखतीच्या वेळीच काही प्रश्न स्पष्टपणे विचारावेत: मूळ पगार किती, इन्सेंटिव्ह कितव्या ऑर्डरपासून सुरू होतो, पेट्रोलचे पैसे किलोमीटरवर मिळतात की ऑर्डरवर, गणवेश आणि बॅगेसाठी अनामत कापली जाते का, आणि भविष्य निर्वाह निधी व कर्मचारी राज्य विमा म्हणजेच ईएसआय लागू आहे का. हे प्रश्न विचारल्याने नोकरी हातची जाईल अशी भीती अनेकांना वाटते, परंतु रायडरची गरज दुकानालाच अधिक असते, हे विसरू नये.

ईएसआयचा आग्रह धरण्याचे कारण साधे आहे. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराच्या पगारातून त्यासाठी फक्त ०.७५ टक्के रक्कम कापली जाते आणि मालक ३.२५ टक्के भरतो; त्या बदल्यात कामावर असताना अपघात झाला, तर उपचार मिळतात आणि घरी बसावे लागलेल्या काळात वेतनाच्या सुमारे ९० टक्के रक्कम मिळते. कामावरील अपघाताच्या बाबतीत हे संरक्षण रुजू झाल्याच्या पहिल्या दिवसापासून असते. हाडामांसाची जोखीम असलेल्या कामात हातात येणाऱ्या पगारापेक्षा ही कपात महत्त्वाची, असे माझे स्पष्ट मत आहे. ॲपवर काम करणाऱ्यांना ‘गिग कामगार’ म्हणून सामाजिक सुरक्षा संहितेत स्थान मिळाले असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे; अशा रायडरांनी ई-श्रम या असंघटित कामगारांच्या नोंदणीसाठीच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी करून घ्यावी आणि ॲपचा अपघात विमा नेमका कोणत्या वेळी लागू असतो, म्हणजे लॉग-इन असताना की फक्त ऑर्डर हातात असताना, हे वाचून ठेवावे.

गाडी आणि तिची कागदपत्रे

परवाना पक्का हवा, शिकाऊ चालत नाही. तुमचा परवाना विनागिअर दुचाकीचा असेल आणि दुकानाने गिअरची मोटारसायकल दिली, तर ती चालवू नये. परवान्याविना गाडी चालवल्यास मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो आणि अपघात झाला तर विमा कंपनीला हात वर करायला आयते कारण मिळते. हल्ली पुष्कळ दुकाने स्वतःच्या विजेवरच्या स्कूटर देतात. मिळत असेल तर तीच घ्यावी, कारण पेट्रोल आणि दुरुस्ती या दोन्हींचा भार टळतो. फक्त पाळी सुरू करताना चार्जिंग पाहून घ्यावे.

स्वतःची गाडी वापरणार असाल, तर विम्याची पॉलिसी एकदा शेवटपर्यंत वाचा. खासगी दुचाकीच्या पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ या शीर्षकाखाली भाड्याने वापर आणि मालवाहतूक वगळलेली असते. डिलिव्हरी करताना गाडीचे नुकसान झाले, तर याच कलमावर बोट ठेवून दावा नाकारला जाण्याची शक्यता राहते, म्हणून विमा एजंटला हा वापर सांगून लेखी उत्तर घ्यावे. दुसरी बाब आणखी दुर्लक्षित आहे. पॉलिसीसोबत येणारे १५ लाख रुपयांचे अनिवार्य वैयक्तिक अपघात संरक्षण हे गाडी चालवणाऱ्या नोंदणीकृत मालकासाठी असते. आपल्याकडे पुष्कळ मुले वडिलांच्या किंवा मोठ्या भावाच्या नावावरची गाडी घेऊन कामावर येतात, आणि त्यांना हे संरक्षण लागू होत नाही. अशा वेळी स्वतःच्या नावाने वेगळा वैयक्तिक अपघात विमा काढणे हाच मार्ग उरतो.

खर्चाचा हिशेब पहिल्याच दिवशी मांडावा. समजा दिवसभरात ८० किलोमीटर फिरणे झाले. कंपनी काहीही सांगो, सिग्नल आणि गतिरोधकांच्या शहरात थांबत-सुटत चालणारी स्कूटर लिटरला ४० किलोमीटरच्या आसपास देते असे धरले, तर रोज दोन लिटर पेट्रोल, म्हणजे लिटरला शंभर रुपये धरले तरी दोनशे रुपये झाले. महिन्याचे २६ दिवस धरले, तर गाडी २,००० किलोमीटरहून अधिक पळते. घरगुती वापरात जे ऑइल तीन-चार महिन्यांनी बदलावे लागते, ते येथे सव्वा-दीड महिन्यात बदलावे लागते, आणि ब्रेक-शू, टायर, स्कूटरचा पट्टा यांचेही तसेच. दुकान देत असलेला पेट्रोलभत्ता फक्त पेट्रोलशी ताडून पाहिला तर परवडल्यासारखे वाटते. झीज त्यात धरली की खरे चित्र दिसते. दर आठवड्याला थोडी रक्कम गाडीसाठी वेगळी काढून ठेवणारा रायडर टिकतो.

पाळी कशी जाते

दुपारी जेवणाच्या वेळेस थोडी गर्दी होते, मग चार-साडेचारपर्यंत शांतता असते आणि सातनंतर रात्री साडेदहापर्यंत श्वास घ्यायला फुरसत नसते. शुक्रवार ते रविवार, भारताचा क्रिकेट सामना, ३१ डिसेंबरची रात्र आणि धो धो पाऊस, हे या धंद्याचे सणवार. लोक ज्या दिवशी घराबाहेर पडत नाहीत, त्या दिवशी तुम्हाला पडायचे असते. सुट्ट्या त्या दिवशी मिळत नाहीत, हे घरच्यांना आधी सांगून ठेवलेले बरे. मधल्या रिकाम्या वेळात रायडरने बसून राहावे अशी अपेक्षा नसते: सपाट पुठ्ठ्यांचे खोके घडवून रचून ठेवणे, ऑरेगॅनो व चिली फ्लेक्सच्या पुड्या मोजून भरणे, परिसरात पत्रके वाटणे, दुकान झाडणे, अशी कामे अंगावर येतात. खोके घडवणे कंटाळवाणे असले तरी ते हात बसवून लवकर शिकावे, कारण गर्दीच्या वेळी स्वयंपाकघराचा खोळंबा झाला, तर त्याचा फटका शेवटी रस्त्यावरच्यालाच बसतो.

वेळ वाचवायची कुठे

तीन किलोमीटरचे अंतर ताशी सरासरी ४० किलोमीटर वेगाने साडेचार मिनिटांत कापले जाते. तेच ५० च्या सरासरीने कापले, तर वाचतात ५४ सेकंद. शहरात अशी सरासरी गाठण्यासाठी सिग्नल तोडावे लागतील आणि उलट्या दिशेने घुसावे लागेल. उलट ‘बी’ विंगऐवजी ‘डी’ विंगच्या लिफ्टने वर गेलात, तर पाच-सात मिनिटे सहज जातात. हा हिशेब एकदा नीट समजला की गाडी पिटाळण्याची खुमखुमी आपोआप कमी होते. डॉमिनोजने अमेरिकेत दिलेली ३० मिनिटांची हमी १९९३ मध्ये मागे घेतली, ती रायडरांच्या अपघातांवरून न्यायालयात मोठ्या भरपाया द्याव्या लागल्या म्हणून. भारतात ३० मिनिटांची जाहिरात त्यानंतरही चालली. दुकानाची हमी काहीही असली, तरी पिझ्झा उशिरा पोहोचल्यास रायडरच्या पगारातून काही कापले जाते का, हा प्रश्न मुलाखतीतच विचारून घ्यावा. ‘हो’ असे उत्तर आले, तर मी ती नोकरी घेऊ नये असेच सांगेन.

वेळ वाचवण्याची खरी जागा म्हणजे दुकानातून निघण्यापूर्वीचे एक मिनिट. पावतीवरचा पत्ता पूर्ण वाचावा. सोसायटी, विंग, मजला, फ्लॅट यांपैकी काही नसेल, तर ग्राहकाला दुकानातूनच फोन करावा, गेटवर पोहोचून नव्हे. नकाशावरची पिन आणि लिहिलेला पत्ता जुळत नसेल, तर दोन्हींपैकी एकावर भरवसा न ठेवता विचारून घ्यावे, कारण ऑफिसात बसून घरी मागवणाऱ्याची पिन पुष्कळदा ऑफिसवरच राहिलेली असते. पुण्याच्या पेठांत घरक्रमांक रस्त्याच्या ओळीने सापडतीलच असे नाही. तेथे देवळाचे, तालमीचे किंवा वाड्याचे नाव जास्त उपयोगी पडते. शिवाजी रस्ता आणि बाजीराव रस्ता एकेरी असल्यामुळे सरळ रेषेत पाचशे मीटरवर दिसणारे घर दीड किलोमीटरचा वळसा घालायला लावते, आणि गणेशोत्सवात संध्याकाळनंतर मध्यवस्तीतील रस्ते वाहनांसाठी बंद झाले की गाडी लावून पायीच जावे लागते. मोठ्या सोसायट्यांत वॉचमन ॲपवरून परवानगी मागतो आणि ग्राहक ती द्यायला विसरतो. म्हणून गेटच्या एक वळण आधी बाजूला थांबून ‘पाच मिनिटांत पोहोचतो, गेटवर मंजुरी द्या’ एवढे कळवले, तरी थांबणे टळते. काही ठिकाणी रायडरला मालवाहू लिफ्टनेच पाठवतात. हा अपमानच आहे, परंतु वॉचमनशी त्यावरून वाद घालून काही साधत नाही, कारण नियम त्याने केलेला नसतो, आणि रोज त्याच गेटवर यायचे असते.

फोन हँडलवरच्या होल्डरमध्ये लावून आवाजावर रस्ता ऐकावा. हातात धरून नकाशा पाहिल्यास दंड होऊ शकतोच, शिवाय तुमचे दोन्ही हात ब्रेकवर असणे आवश्यक असते.

खोक्यातला पिझ्झा

पिझ्झा आडवाच राहिला पाहिजे, या एका नियमात बाकी सारे आले. हॉट बॅग गाडीच्या हँडलला लटकवू नये, लिफ्टमध्ये काखेत उभी धरू नये, आणि एकावर एक खोके ठेवताना मोठा खाली व छोटा वर असा क्रम ठेवावा. गतिरोधकावर गाडी आदळली की वरचे चीज आणि टॉपिंग एका बाजूला सरकते व झाकणाला चिकटते. ग्राहक फोटो काढून पाठवतो आणि नाव तुमचे येते. थंड पेये वेगळ्या पिशवीत न्यावीत. बॅगेची चेन बंद ठेवली की उष्णता टिकते, मात्र आतली वाफही कोंडते व तळाचा पाव मऊ पडतो, म्हणून तीन ऑर्डर एकत्र दिल्या गेल्या तर आधी कोणती द्यायची हे अंतराबरोबरच कोणती ओव्हनमधून आधी निघाली आहे यावरूनही ठरवावे.

शाकाहारी आणि मांसाहारी खोक्यांचा गोंधळ ही या कामातील सर्वांत महागडी चूक आहे. श्रावणात, नवरात्रात, चतुर्थीला किंवा जैन कुटुंबाच्या दारात चुकीचे खोके गेले, तर माफी मागून भागत नाही. खोक्यावरचे स्टिकर आणि पावती काउंटरवरच ताडून पाहावीत, आणि दारात देताना ‘पनीरचा एक, मार्गरिटा एक’ असे मोठ्याने वाचून द्यावे. पुड्या किंवा गार्लिक ब्रेडचा डिप राहिला असेल, तर तो तेथेच कळतो.

पैसे

निघताना दहा, वीस आणि पन्नासच्या नोटा मिळून सुट्टे जवळ असू द्यावेत, कारण रोख ऑर्डर असली की पाचशेची नोटच पुढे येते. यूपीआयने पैसे आले, तर ग्राहकाच्या मोबाइलवरचे हिरवे चिन्ह किंवा स्क्रीनशॉट पाहून निघू नये; दुकानाच्या ॲपवर किंवा काउंटरवर रक्कम जमा झाल्याची खात्री फोनवरून करावी. स्वतःच्या क्यूआर कोडवर दुकानाचे पैसे घेऊ नयेत, एकदाही नाही. दर फेरीनंतर रोख भरून तिची नोंद घ्यावी. रात्री एकदम हिशेब केला तर कमी पडलेले शंभर रुपये कोणत्या दारात राहिले हे आठवत नाही आणि ते तुमच्याच खिशातून जातात. टीप मिळाली तर घ्यावी, मागू नये, आणि महिन्याच्या खर्चाच्या हिशेबात ती मुळीच धरू नये.

पाऊस, रात्र आणि अपघात

जून ते सप्टेंबर हेल्मेटच्या काचेवर पाणी, रस्त्यावर न दिसणारे खड्डे आणि उघडी झाकणे असा कारभार असतो. साचलेल्या पाण्याची खोली माहीत नसेल, तर पुढच्या गाडीच्या चाकावरून अंदाज घ्यावा आणि चाकाचा आस बुडत असेल तर परत फिरावे. दुकानाला तसे कळवल्यावर ऑर्डर रद्द होते, गाडी बंद पडत नाही. रेनकोट दोन तुकड्यांचा घ्यावा, आणि बॅगेचे आवरण स्वतःच्या रेनकोटआधी विकत घ्यावे. रात्री भटकी कुत्री मागे लागली, तर वेग वाढवण्याऐवजी कमी करावा. ती बहुतेक वेळा पळणाऱ्या चाकाच्याच मागे धावतात.

अपघात झाला तर आधी १०८ वर रुग्णवाहिका किंवा ११२ वर पोलीस बोलवावेत. पिझ्झाचे पुढे काय, ते दुकान पाहील. त्यानंतर गाडी जागेवर असतानाच फोटो काढावेत, दुकानाच्या व्यवस्थापकाला फोनबरोबर लेखी संदेशही पाठवावा, आणि त्या वेळी कोणती ऑर्डर हातात होती याचा स्क्रीनशॉट जपून ठेवावा. ईएसआय असो वा ॲपचा विमा, तुम्ही त्या क्षणी कामावर होता हे सिद्ध करण्याची वेळ येते, आणि तेव्हा ॲपमधली नोंद उघडता येईलच याची शाश्वती नसते.

नोकरी सोडताना अनामत, शेवटच्या महिन्याचे इन्सेंटिव्ह आणि अनुभवपत्र लेखी मागून घ्यावे. भविष्य निर्वाह निधीचा यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी कायम राहणारा खातेक्रमांक, स्वतःच्या मोबाइल क्रमांकाशी जोडलेला आहे का, हे दुकानातील शेवटच्या दिवसाआधीच तपासावे, कारण नंतर त्यासाठी पुन्हा त्याच काउंटरवर खेटे घालावे लागतात.