शेततळ्यात मासे सोडताय? या चुका टाळा

"काका, काल सकाळी अकराला पाण्यात ऑक्सिजन ८ (लिटरमागे मिलिग्रॅम) होता, मग रात्रीत मासे मेले कसे?" हा फोन दर पावसाळ्यात येतो. गाव बदलतं, अकराची वेळ काही बदलत नाही.

अहो, अकराला मोजायचंच कशाला? ऊन असतं, पाण्यातलं शेवाळ ऑक्सिजन सोडत असतं, आकडा चांगलाच येणार. अंधार पडला की ती पैदास बंद. मग तेच शेवाळ, मासे आणि तळाचा गाळ मिळून दिवसभराचा साठा फस्त करतात. सगळ्यात वाईट वेळ म्हणजे सूर्य उगवायच्या जरा आधी. दुपारी १२ दाखवणारं हिरवंगार पाणी पहाटे २ वर आलेलं मी पाहिलंय.

पाहिलंय म्हणजे भोगलंय. माझं पहिलंच वर्ष, रोहू-कटला-मृगळ सोडलेले. श्रावणात तीन दिवस सूर्य दिसला नाही. मासे मात्र खात होते, म्हणून तिसऱ्या संध्याकाळी मी हात सैल सोडून खाद्य टाकलं. एअरेटर, म्हणजे पाणी घुसळून त्यात हवा मिसळणारं यंत्र, दिवसा चालवायचो, रात्री बंद, कारण रात्री कोण जागणार? पहाटे कुत्रं भुंकायचं थांबेना म्हणून बॅटरी घेऊन गेलो. तळ्यावर नुसती तोंडंच तोंडं. बारीक पाऊस पडावा तसा पच् पच् आवाज. मला वाटलं, भुकेलेत. आणखी ओंजळभर खाद्य फेकलं! एकानेही तोंड लावलं नाही. सातपर्यंत कटले पांढरी पोटं वर करून कडेला लागले. आधी मोठे गेले, बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, त्यामानाने तगली.

आता माझी सवय ठरलेली आहे. मोजायचं तर पहाटे पाचला. आभाळ भरलं की संध्याकाळचं खाद्य बंद. मासे एका दिवसाने रोड होत नाहीत. एअरेटर रात्री बारा ते उजाडेपर्यंत. भर दुपारी पाण्यात मावतो त्याहून जास्त ऑक्सिजन असेल, तर एअरेटर तो उलट हवेत घालवतो. बिल भरून ऑक्सिजन हाकलायचा! रात्रीची वीज नसेल तर डिझेल पंपाने तळ्याचंच पाणी उचलून उंचावरून फवारत ठेवायचं. ऑक्सिजनच्या गोळ्या घरात असाव्यात, पण ऐन अडचणीपुरत्या. 'गोळी टाकली की झालं' म्हणणाऱ्यांनी मासे न पाळलेलेच बरे.

इतकी नाजूक गोष्ट का, तर पाण्यात मुळात ऑक्सिजनच जेमतेम. ३० अंशांच्या एक लिटर पाण्यात साधारण साडेसात मिलिग्रॅम मावतो, एक लिटर हवेत त्याच्या तिसाहून जास्त पट असतो. पाणी तापलं की आणखी कमी मावतो. मग रोहू बाहेर काढल्यावर का मरतो? हवा भरपूर असते, पण पाण्याच्या आधाराने पसरलेल्या कल्ल्यांच्या पाकळ्या एकमेकींना चिकटतात. श्वास घ्यायला जागाच उरत नाही.

मरळीचं गणित याच्या बरोबर उलट, आणि इथे शिकलेली माणसंही फसतात. आमच्या एका पाहुण्याने मरळीची बोटुकली हाप्यात, म्हणजे तळ्यात बांधलेल्या जाळीच्या पिंजऱ्यात, ठेवली. उड्या मारतात, बगळे टिपतात, म्हणून वरून जाळी शिवून टाकली. रात्री जोराचा पाऊस झाला, तळं चढलं आणि जाळीचं छत वीतभर पाण्याखाली गेलं. सकाळी सगळी पिल्लं छताला नाकं लावून मेलेली. ऑक्सिजन मोजला, ६! गावात रोगाची चर्चा सुरू. रोग कसला, मासे बुडून मेले होते. मरळीला कल्ले आहेत, पण तेवढ्यावर तिचं भागत नाही. कल्ल्यांच्या वर, डोक्यात, हवा धरायची पोकळी असते, आणि ती भरायला तिला वर यावंच लागतं. मागूरलाही तशीच सोय, आतून झाडाच्या फांद्यांसारखी. म्हणून मरळ वर आली की घाबरू नका आणि रोहू वर आला की झोपू नका. हाप्याची जाळी पाण्याच्या वर हातभर ताणलेली ठेवा, पावसाळ्यात रोज बघा.

बोअरचं पाणी थेट सोडू नका. जमिनीखालच्या पाण्यात ऑक्सिजन नावालाच असतो, शिवाय कार्बन डायऑक्साइड जास्त. दगडांवर आपटून येऊ द्या.

माशांचं बियाणं, म्हणजे पिल्लं, आणण्याच्या आदल्या दिवशी त्याला खायला घालू नये, हे विकणाऱ्याला आधीच सांगा. भरल्या पोटी पिल्लं पिशवीतला ऑक्सिजन जास्त खातात आणि पाणीही घाण करतात.

पहाटेचा आकडा ५ च्या वर आहे आणि मासे तरीही तोंड वासतायत? एक मासा धरा, कल्ल्याचं झाकण उचला. आतला कल्ला लालभडक असायला हवा. चॉकलेटी दिसला तर पाण्यात नायट्राइट (विष्ठा आणि उरलेल्या खाद्यातून तयार होणारं विषारी द्रव्य) वाढलंय: ऑक्सिजन आहे, पण रक्ताला तो उचलता येत नाही. अशा वेळी एअरेटर एकटा पुरत नाही. खाद्य थांबवा, थोडं पाणी बदला, साधं मीठ टाका; मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यातून आत शिरू देत नाही. किती टाकायचं ते तळ्याचं माप आणि नायट्राइटचा आकडा हातात घेऊन ठरतं, त्यामुळे मला फोनवर "अंदाजे किती पोती?" विचारू नका.