परका पक्षी दारात आला तर एक खूण पोटात ठेवा

पंखा बंद करा. पक्षी घरात शिरलेला असो, शिरण्याच्या बेतात असो किंवा तुम्हीच त्याला आत घेणार असाल, आधी छताचा पंखा बंद. मग खिडक्या लावून पडदे ओढा, कारण काच त्याला दिसत नाही. उदबत्ती आणि डासांची कॉइल विझवा. नॉनस्टिक तवा गॅसवर असेल तर उतरवा. तो कोरडा फार तापला की त्यातून निघणाऱ्या वाफेने पक्षी मिनिटांत मरतो, माणसाला पत्ताही लागत नाही. मांजर, कुत्रं, शेजारची पोरं दुसऱ्या खोलीत. एवढं कुणालाही सुचतं, पुढे जाते.

हा आहे कोण ते बघा. करडा किंवा पिवळट पांढरा, डोक्यावर तुरा, गालावर केशरी टिकली असेल तर कॉकाटेल. चिमणीपेक्षा जरा मोठा, लांब शेपटीचा, पाठीवर बारीक आडव्या रेघा असतील तर बजी, ज्याला आपल्याकडे सगळे लव्हबर्डच म्हणतात. खरा लव्हबर्ड आखूड शेपटीचा आणि चावरा. हे सगळे परदेशी, पिंजऱ्यात जन्मलेले, म्हणजे कुणाच्या तरी घरून उडालेले. सोसायटीत कुणीतरी हमखास सांगेल, "सोडून द्या, पुण्य लागेल." सोडू नका, मालक शोधा. त्याला आयती वाटी माहीत आहे, दाणा शोधणं नाही, आणि असा अनोळखी रंगाचा पक्षी झाडावर दिसला की कावळे त्याच्या मागे लागतात. पुण्य कावळ्यांना लागेल.

हिरवा, लाल चोचीचा आपला राघू असेल, किंवा खांद्यावर लाल डाग असलेला त्याच्याहून मोठा करण पोपट असेल, तर पुढची यादी तुमच्यासाठी नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हे पाळताच येत नाहीत, त्यामुळे मालक शोधायचा प्रश्नच नाही. वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा आणि ते सांगतील तसं करा. काचेवर आपटून भोवंडलेला रानटी राघू तासभर अंधाऱ्या खोक्यात ठेवला की बरेचदा स्वतःच उडून जातो, पण हातावर बसून "मिठू मिठू" म्हणणारा आकाशात फेकू नका. तोही मरतो. पायात रिंग घातलेलं दमलेलं कबूतर असेल तर दाणापाणी द्या, एकदोन दिवस विश्रांती द्या आणि धडधाकट असेल तर सकाळी मोकळं करा. शर्यतीचं कबूतर आपलं घर स्वतः शोधतं.

पक्षी अजून बाहेरच असेल, ग्रिलवर किंवा समोरच्या आंब्यावर, तर झडप घालू नका. एकदा उडाला की तुमच्या हातून गेला. पिंजरा असेल तर दार उघडं ठेवून त्यात राळे ठेवा (पक्ष्यांच्या दुकानात कांगणी म्हणून मागा), बाजरी ठेवली तरी चालेल, आणि फोनवर त्याच जातीचा आवाज हळू लावा. कॉकाटेल कॉकाटेलच्या शिट्टीला उत्तर देतो. दिवसभर आला नाही तर अंधार पडायची वाट बघा. अंधारात त्यांना नीट दिसत नाही, बसले की हलत नाहीत. तेव्हा हलकी ओढणी टाकून उचला. छाती दाबायची नाही. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल (छाती आणि पोटामधला स्नायूंचा पडदा) नसतं, छाती पुढेमागे हलली तरच श्वास होतो. उडू नये म्हणून घट्ट धरलेला पक्षी हातातच गुदमरतो.

पकडला. आता लोकांचे हात फोनकडे जातात. थांबा.

पहिला फोटो तुमच्यासाठी आहे, ग्रुपसाठी नाही. पाय बघा. रिंग आहे का? एकसंध, जोड नसलेली रिंग पिल्लू काही दिवसांचं असताना, बोटं मऊ असताना चढवतात. नंतर ती निघत नाही आणि घालताही येत नाही. तिच्यावर बहुतेकदा पाळणाऱ्याचा किंवा संस्थेचा छोटा संकेत, साल आणि क्रमांक असतो. वाचायला पक्ष्याला पुन्हा धरू नका. तो जाळीवर चढेल तेव्हा व्हिडिओ काढा, थांबवा, मोठा करा. कागदावर लिहा. तो कागद खिशात. हा आकडा कुठेही टाकायचा नाही. सोसायटीच्या ग्रुपवर नाही, स्टेटसला नाही, बहिणीला पाठवून "कुणाला सांगू नको" असंही नाही.

मागच्या वेळी मी हेच केलं नाही. छान उजेडात कॉकाटेलचा पायासकट फोटो टाकला, रिंग वाचता येत होती, आणि संध्याकाळी दोघांनी तोच आकडा मला फोनवर म्हणून दाखवला. त्यानंतर खरा कोण हे ठरवायला माझ्याकडे काहीच उरलं नव्हतं.

रिंग नसेल तर दुसरी खूण शोधा, पण शोधा. एखादं नख नाही. एका पंखाची लांब पिसं सरळ कात्रीने कापलेली आहेत, दुसऱ्याची नाहीत. चोचीला चीर आहे. पोटाखाली एक पिवळं पीस चुकीच्या जागी आहे. पिवळट पांढऱ्या कॉकाटेलच्या तुऱ्यामागचं टक्कल ही खूण धरू नका, त्या रंगात ते बऱ्याच पक्ष्यांना असतं. नर की मादी हाही पुरावा नाही. अर्ध्या मालकांना ते माहीत नसतं आणि उरलेल्यांपैकी काही चुकतात.

आवाज ध्वनिमुद्रित करा. दोन दिवसांत पक्षी सावरला की बोलायला लागतो: दारावरची बेल, कुणाची तरी रिंगटोन, कुकरची शिट्टी, एखादं नाव. २००८ साली जपानमधल्या नागारेयामा इथे हरवलेल्या आफ्रिकन ग्रे पोपटाने पशुवैद्यकाला आपलं नाव आणि घराचा पत्ता सांगितला होता, आणि तो घरी पोचला. तुमचा एवढा हुशार निघायचा नाही. तरी जे काही म्हणतो ते टिपून ठेवा, आणि हेही पोटात ठेवा. "आमचा पाहुणा बघा काय गातो" म्हणून व्हिडिओ टाकलात की ही खूणही गेली.

राहायला भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं खोकं पहिल्या रात्री पुरे. खाली वर्तमानपत्र, टॉवेल नको, धाग्यात नखं अडकतात. उथळ वाटीत पाणी. ड्रॉपरने चोचीत पाणी सोडू नका, ते श्वासनळीत जातं. खायला राळे, बाजरी, मक्याचं कणीस, कोथिंबीर. हिरवी मिरचीही चालते, पक्ष्यांना तिखट लागत नाही. दुधात बुडवलेला पाव, चहा, चिवडा, चॉकलेट, अव्होकॅडो नाही. पाव आणि दूध का देतात लोक, मला कळलेलं नाही. पक्षी सस्तन नाही, दूध त्याला पचत नाही.

घरात आधीपासून पक्षी असतील तर नवा वेगळ्या खोलीत, महिनाभर, आणि दोघांच्या वाट्या वेगळ्या. पोपटवर्गातल्या पक्ष्यांचा सिटॅकोसिस हा आजार माणसालाही होतो, म्हणून विष्ठा साफ केल्यावर हात साबणाने धुवा, आणि घरात गरोदर बाई किंवा म्हातारं माणूस असेल तर हे काम त्यांना देऊ नका.

पिसं फुगवून खाली तळाशी बसला असेल, श्वासागणिक शेपटी खालीवर होत असेल, रक्त असेल किंवा संक्रांतीच्या मांज्याने पंख कापला असेल तर जाहिरात नंतर, डॉक्टर आधी. मांजराचा दात लागला असेल तर जखम दिसो न दिसो, त्याच दिवशी; मांजराच्या लाळेतले जंतू पक्ष्याला एकदोन दिवसांत संपवतात. कुत्र्यामांजरांचा प्रत्येक डॉक्टर पक्षी बघत नाही, फोनवर विचारूनच निघा. मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय पक्षी घेतं.

आता जाहिरात. आधी "हरवला आहे" अशा पोस्ट शोधा. बरेचदा मालकाने तुमच्याआधीच टाकलेली असते. मग स्वतः लिहा, आणि कमी लिहा: "कॉकाटेल सापडला आहे. अमुक भाग. आपला असेल तर खूण सांगून न्या." फोटो एकच, लांबून, पाय दिसणार नाही असा. रंगसुद्धा मोघम. काही शहाणे म्हणतील की फोटो स्पष्ट नसेल तर मालक ओळखणार कसा? मालक ओळखतो. ज्याचा पक्षी उडाला आहे तो अस्पष्ट फोटोलाही फोन करतो, काळजी नको. परिसर मोठा धरा, कारण वाऱ्याबरोबर उडालेला कॉकाटेल काही किलोमीटर सहज जातो. कोथरूडात सापडला म्हणून फक्त कोथरूडातच विचारू नका, वारजे, कर्वेनगर, बावधन सगळीकडे टाका. वॉचमन, दूधवाला, इस्त्रीवाला, बागेत सकाळी फिरणारी मंडळी, जवळची पक्ष्यांची दुकानं, पशुवैद्यकांचे दवाखाने. दुकानदार कामाचा माणूस, कारण दाणे कोण नेतं ते त्याला माहीत असतं. पण "इथेच ठेवा, मालक आला की देतो" म्हणाला तर नम्रपणे नको म्हणा. आणि वॉचमनलाही खूण सांगू नका. घरातल्या पोरांनाही बजावा. खूण फुटते ती अशीच, घरातून.

पक्षी कुणाचाच दिसत नाही म्हणून गुपचूप ठेवून घ्यायचा विचार असेल तर: भारतीय करार कायद्याच्या कलम ७१ प्रमाणे सापडलेल्या वस्तूची नीट काळजी घेणं सापडणाऱ्यावर बंधनकारक आहे, आणि मालक शोधायचा वाजवी प्रयत्न न करता ती लाटणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली गुन्हा ठरू शकतो. पक्षी पाळीव असेल तर तो कुणाची तरी मालमत्ता आहे, आवडो न आवडो.

फोन येतील. बोलताना तुम्ही कमी बोला. "पायात निळी रिंग आहे का?" असं विचारलंत तर उत्तर तुम्हीच दिलंत; समोरचा "हो हो, निळी" म्हणणारच. विचारायचं असं: "पायात काही आहे का? असेल तर काय, कुठल्या पायात?" "काय बोलतो?" "कधी उडाला, कुठून?" आणि गप्प बसा. खरा मालक तुम्ही न विचारलेलंही सांगतो, त्याच्या डाव्या पायाचं नख दारात कसं सापडलं ते सविस्तर. खोटा उलट विचारतो, "तुम्हाला काय दिसतंय?" त्याला "काही दिसत नाही" असं सांगा. रडवेला आवाज हा पुरावा नाही. लहान मुलगी जेवत नाहीये हाही नाही. मन विरघळतं तिथेच चूक होते, म्हणून कागद समोर ठेवून बोला आणि आकडा त्याच्या तोंडून येऊ द्या. त्याच्याकडे आकडा लिहिलेला नसेल तर जुने फोटो, व्हिडिओ मागा ज्यात तीच खूण दिसते. नर की मादी कळावं म्हणून डीएनए तपासणी केली असेल तर त्या कागदावर बहुधा रिंगचा क्रमांक असतो. आफ्रिकन ग्रे, मकाव, सन कोन्युअर असे परदेशी पोपट असतील तर २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते. ती दाखवा म्हणा. कॉकाटेल आणि बजीला ती लागत नाही, उगाच मागून कुणाला घाबरवू नका.

"मी लांब आहे, डिलिव्हरीवाल्याकडे द्या, पैसे आत्ता पाठवतो" म्हणणाऱ्याला नाही. आगाऊ पैसे तुम्हीही मागू नका. दाण्याचे, डॉक्टरचे पैसे पावती दाखवून मागायला हरकत नाही. मालकाने बक्षीस जाहीर केलं असेल तर तेही मागता येतं.

द्यायच्या दिवशी: माणूस स्वतः यावा, पिंजरा त्यानेच आणावा, दारं आणि पंखा बंद. पक्षी समोर आणण्याआधी खूण पुन्हा एकदा विचारा, समोर आणल्यावर नाही. मग त्याला शिट्टी वाजवू द्या, हाक मारू द्या. पक्षी लगेच खांद्यावर गेला नाही म्हणून हिरमुसू नका, घाबरलेले पक्षी मालकालाही चावतात. ओळखपत्राचा फोटो, मालक आणि पक्ष्याचा एकत्र फोटो, दोन ओळींची पोच, झालं. सगळीकडची जाहिरात "मालक मिळाला" म्हणून बंद करा, नाहीतर महिनाभर फोन येत राहतात. इथेही रिंगचा फोटो टाकू नका. पक्षी पुन्हा उडाला तर तीच खूण लागणार आहे.

कुणीच आलं नाही तर जाहिरात दर आठवड्याला वर आणत राहा, पक्ष्याला मोठा पिंजरा घ्या, डॉक्टरला एकदा दाखवा. ठेवायचा नसेल तर ओळखीच्या, आधीपासून पक्षी पाळणाऱ्या माणसाला द्या, दुकानात नाही. रिंगचा कागद त्याच्याबरोबर द्या.