दातांचं इम्प्लांट: मिश्रीची डबी बंद करण्यापासून सुरुवात

मावशीची खालची दाढ निपाणीत काढली होती. इम्प्लांटसाठी, म्हणजे काढलेल्या दाढेच्या जागी हाडात स्क्रू बसवून त्यावर नवा दात लावायला, तिला बेळगावला घेऊन गेलो, तेव्हा डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं, "मावशी, मिश्री लावता काय?" "लावतो की, सकाळ-संध्याकाळ." डॉक्टरांनी लगेच सांगितलं, आधी ती बंद, मग पुढचं बोलू.

निपाणी-चिकोडी हा तंबाखूचा पट्टा. मिश्री, विडी, गुटखा घरोघरी आहे, म्हणून हे मी सगळ्यात आधी सांगतोय. निकोटिननं हिरडीच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम भरायला वेळ लागतो. टायटॅनियमच्या स्क्रूला हाडानं घट्ट धरणं हाच या उपचाराचा जीव आहे, आणि तंबाखूनं नेमकी तीच पकड कच्ची राहते.

तपासणीला जाताना चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या. रक्त पातळ करायची गोळी आपल्या मनानं बंद करू नका. हाडं ठिसूळ झाली म्हणून कधी गोळ्या किंवा इंजेक्शन घेतलं असेल तर ते आवर्जून सांगा, कारण त्यानं जबड्याचं हाड भरून येणं अडू शकतं. साखर असेल तर एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ताची तपासणी) करून घ्या. थ्रीडी स्कॅनमध्ये हाडाची उंची-जाडी आणि नस कुठून जाते ते दिसतं. संमतीपत्र कन्नड किंवा इंग्रजीत आलं तर सही करायच्या आधी मराठीत समजावून मागा. संकोच करू नका, तो आपला हक्क आहे.

स्क्रू बसवायला फक्त त्या जागेपुरती भूल देतात. एका दाताला बहुधा तासाभराच्या आत काम होतं. मग थांबायचं: खालच्या जबड्यात साधारण ३ ते ४ महिने, वरच्यात ४ ते ६, कारण वरचं हाड मऊ असतं. त्यानंतर स्क्रूवरची कॅप, म्हणजे दिसणारा दात. हाड चांगलं असेल तर काही ठिकाणी लवकरही बसवतात, पण घाई तुमची नसावी.

पहिले २४ तास चूळ भरू नका, थुंकू नका, स्ट्रॉनं पिऊ नका. गालावर बर्फ कापडात गुंडाळून २० मिनिटं ठेवा, तेवढीच विश्रांती द्या, पुन्हा ठेवा. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त दिसते, मग ओसरते. गार आंबील, ताक, मऊ भात खा. ज्वारीची भाकरी आणि चटणी काही दिवस बाजूला. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्यानं हळुवार चुळा भरा.

धोके खरे आहेत. भूल उतरल्यावरही खालचा ओठ किंवा हनुवटी बधिर राहिली तर सकाळची वाट न बघता फोन करा. नसेवर दाब असेल तर वेळ महत्त्वाची असते. वरच्या दाढांना सायनस (नाकाशेजारची हाडातली पोकळी) जवळ असतो, तिथं स्क्रू आत जाऊ शकतो. ताप, पू, वाढतं दुखणं, किंवा स्क्रू हलणं ही लक्षणं अंगावर काढू नका. वर्षांनंतरही इम्प्लांटभोवतीची हिरडी सुजून हाड झिजू शकतं, बरेचदा न दुखताच. म्हणून रोज कॅपच्या कडेनं बारीक ब्रश फिरवायचा, आणि ६ महिन्यांनी तपासणी.

इम्प्लांटची कंपनी, माप आणि लॉट नंबर लिहिलेलं कार्ड मागून घ्या. उद्या कोल्हापुरात मुलाकडे असताना कॅप सैल झाली, तर तिथल्या डॉक्टरला त्यावरूनच कॅप धरणारा योग्य छोटा स्क्रू मिळेल. मावशीनं ते रेशन कार्डाच्या पिशवीत ठेवलंय.