कॅलिब्रेशनमध्ये आकडा चुकला, तर आधी तारा तपासा

डेटा अ‍ॅक्विझिशन कार्डाच्या (व्होल्टेज मोजून संगणकाला आकडे देणाऱ्या कार्डाच्या) कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे ज्ञात मूल्याशी वाचन ताडून पाहताना, व्होल्टेज जुळत नसेल, तर गेन (वाचनाचा गुणक) आणि ऑफसेट (वाचनात मिळवायचा स्थिर आकडा) बदलण्याची घाई करू नये. सदोष जोडणीवर केलेली दुरुस्ती पुढच्या प्रत्येक मोजमापात चूक म्हणूनच उतरते. कार्ड अर्धा तास तापू द्यावे, मग स्रोत सोडवून चॅनेलची (मोजमापाच्या इनपुटची) दोन्ही टोके आखूड तारेने अ‍ॅनालॉग ग्राउंडला (कार्डाच्या शून्य व्होल्टच्या टोकाला) जोडावीत. वाचन शून्याजवळ स्थिरावले, तर दोष बहुधा बाहेरच्या तारांत असतो.

भोसरीतील एका कारखान्यात १.५ व्होल्टच्या सेलचे वाचन हळूहळू सरकत १० व्होल्टच्या मर्यादेला टेकताना मी पाहिले. सेल निर्दोष होता; परंतु डिफरन्शियल जोडणीत (दोन टोकांतील फरक मोजणाऱ्या जोडणीत) त्याचे ऋण टोक ग्राउंडशी कशानेच बांधलेले नसल्यामुळे इनपुटमधून सतत वाहणाऱ्या सूक्ष्म बायस प्रवाहाला परतीची वाटच नव्हती. ऋण टोक व अ‍ॅनालॉग ग्राउंड यांच्यामध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर लावताच आकडा जागेवर आला. स्रोत आधीच जमिनीशी जोडलेला (अर्थ केलेला) असेल, तर मात्र हा रेझिस्टर लावू नये. ग्राउंड लूप (दोन ग्राउंडमधून प्रवाह फिरण्याची वाट) होऊन वीजपुरवठ्याची ५० हर्ट्झची गुणगुण वाचनात शिरू शकते.

टर्मिनलचा स्क्रू तांब्यावर आवळला आहे की तारेच्या आवरणावर, हेही तार हलकेच ओढून पाहावे.